पराणी आणि कासरा : लस, महारोग आणि शरीराचा संयम



लस म्हणजे काय, असे आपल्यापैकी कोणालाही विचारले तर उत्तर तयार असते. रोगजंतूचे मेलेले किंवा दुबळे रूप शरीराला आधी दाखवून ठेवावयाचे, म्हणजे पुढे खरा शत्रू आला की शरीर त्याला ओळखते व त्याचा समाचार घेते. शाळेच्या पुस्तकात हेच असते आणि ते खोटे नाही. पण ते अर्धेच आहे. शत्रू ओळखला म्हणजे शरीर लढतेच असे नाही. ओळखूनही ते स्वस्थ बसू शकते. किंबहुना पुष्कळदा स्वस्थ बसणे हेच त्याच्या हिताचे असते. तेव्हा लढावे केव्हा आणि आवरावे केव्हा, हे शरीरात कोण ठरवते? या प्रश्नाचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. तो लंडन, क्योटो आणि न्यूयॉर्क येथे घडला तसाच मुंबईच्या परळ भागातही घडला. आणि त्यातला सर्वांत अवघड प्रश्न ज्या रोगाने विचारला, तो रोग अमरावतीकरांनी तपोवनाच्या रस्त्यावर वर्षानुवर्षे पाहिला आहे.

प्रारंभ देवीपासून करू. एडवर्ड जेन्नरने १४ मे १७९६ रोजी जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला गाईच्या देवीतील द्रव्य टोचले. ती लस बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने मुंबईस पोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर तिने मूळ धरले. त्या काळी लस बाटलीत टिकत नसे. एका मुलाच्या दंडावरचा फोड पिकला की त्यातले पाणी दुसऱ्याच्या दंडाला, असा तिचा प्रवास चाले. ॲनाच्या दंडावरून निघालेली ही साखळी पुणे, हैदराबाद, मद्रास अशी देशभर पसरली. वऱ्हाड तेव्हा वेगळ्याच धामधुमीत होते. पुढच्याच वर्षी, १८०३ च्या नोव्हेंबरात अकोला जिल्ह्यातील अडगावची लढाई झाली आणि डिसेंबरात गाविलगड पडला. इंग्रजांच्या कारभाराखाली हा प्रांत आला तो १८५३ साली. त्यानंतर देवी काढणारे खेडोपाडी फिरू लागले. ‘देवी आल्या’ असे आदराने म्हणणारे आपले लोक ‘देवी काढल्या’ असेही म्हणू लागले. हा शब्दप्रयोगच सांगतो, की आईच्या कोपाचा आणि डॉक्टरच्या सुईचा मेळ लोकांनी आपल्यापुरता घालून घेतला होता.

देवीची लस जिवंत होती. ती दंडावर वाढे, फोड येई, ताप येई, खूण राही. शरीराला जागे करण्याचे काम ती आपले आपणच करी. म्हणून ‘जागे कसे करावे’ हा प्रश्न त्या काळात कोणाला पडलाच नाही. तो पडला मेलेल्या लसींच्या काळात.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन याने ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत प्लेगचे जंतू मांसरसात वाढविले, उष्णतेने मारले आणि ते द्रव्य १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतले. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात त्याची परीक्षा झाली. परळच्या ज्या संस्थेला १९२५ पासून हाफकिनचे नाव आहे, ती या कामातूनच उभी राहिली. ही लस टोचली की चांगलाच ताप चढे, हात सुजे आणि लोक घाबरत. मेलेल्या जंतूंबरोबर त्यांची विषे व टरफले असा सारा गाळ तिच्यात असे. तो गाळ हा लसीचा दोष आहे, लस स्वच्छ केली म्हणजे ती अधिक चांगली होईल, असे पुढे शास्त्रज्ञांना वाटणे साहजिक होते. आणि येथेच पहिला धक्का बसला.

धक्का असा की, स्वच्छ लस काम करीना. घटसर्पाचे विष शुद्ध करून, निर्विष करून घोड्यांना टोचले तर प्रतिविष फार थोडे निर्माण होई. फ्रान्समध्ये गास्तों रामोंच्या लक्षात आले की, ज्या घोड्याच्या अंगावर टोचल्या जागी गळू होते, तो घोडा अधिक प्रतिविष देतो. मग १९२५ च्या सुमारास त्याने मुद्दामच लसीत साबुदाण्यासारखे पिठूळ पदार्थ, पावाचा चुरा असले काहीबाही मिसळले आणि प्रतिविष वाढले! पुढच्याच वर्षी इंग्लंडात ग्लेनीने तुरटीचा उपयोग केला. तुरटीच्याच कुळातील ॲल्युमिनियमचे क्षार आजही आपल्या मुलांच्या कित्येक लसींत असतात. अमेरिकेत ज्यूल्स फ्रॉइंड याने तेलात क्षयाचे मेलेले जंतू मिसळून याहून कितीतरी तीव्र द्रव्य बनविले. या द्रव्यांना ‘साहाय्यक’ असे नाव मिळाले. ती का उपयोगी पडतात हे मात्र कोणी सांगू शकत नव्हते. १९८९ साली चार्ल्स जेनवे या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या व्यवसायबंधूंसमोर स्वच्छ सांगून टाकले की, हे आपल्या शास्त्राचे एक लाजिरवाणे गुपित आहे: लस टोचताना आपण तिच्यात थोडी घाण मिसळतो, पण ती का मिसळतो याचा विचार करीत नाही.

हा प्रश्न तेथेच ठेवून आपण थोडे घराकडे येऊ.

१९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीस श्रीजगदंबा कुष्ठनिवास स्थापन केला, तेच आपले तपोवन. त्याआधी १९३६ पासून वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण महारोग्यांची सेवा करीत होते. अचलपूरकडे कोठाऱ्याला मिशनचे रुग्णालय होते. आणि पुढे वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन उभे राहिले. विदर्भाच्या या टापूत महारोग्यांच्या सेवेची एवढी मोठी परंपरा निर्माण झाली, याचे एक कारण उघड आहे: रोगी येथे होते. बाजारच्या दिवशी, देवळाच्या पायऱ्यांवर, रेल्वेच्या फलाटावर ते दिसत आणि लोक पदर सावरून दूर होत. पूर्वजन्मीचे पाप ही त्याची उपपत्ती सर्वांना पाठ होती.

नॉर्वेतील हॅन्सनने १८७३ सालीच या रोगाचा जंतू दाखवून दिला होता. पण त्या जंतूने एक विलक्षण कोडे घातले. त्याच्या सहवासात येणाऱ्या शंभर माणसांपैकी सुमारे पंच्याण्णवांना काहीच होत नाही. हॅन्सनचे सासरे डॅनिएलसेन यांनी महारोग्यांच्या गाठींतले द्रव्य स्वतःला टोचून घेतले होते. काही झाले नाही. बाबा आमटे कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकसंस्थेत शिकत असता त्यांनी प्रयोगासाठी स्वतःच्या शरीरात हे जंतू टोचून घेतल्याचे त्यांच्या चरित्रांत येते; त्यांनाही रोग झाला नाही. मग उरलेल्या थोड्यांनाच तो का होतो? आणि त्यांच्यातही एकाच्या अंगावर एक-दोन बधिर चट्टे येऊन रोग तेथेच थांबतो, तर दुसऱ्याचा चेहरा, कान, नाक सारे जंतूंनी भरून जाते, हे का?

जपानच्या मित्सुदाने १९१९ च्या सुमारास एक साधी परीक्षा काढली. रोग्याच्या गाठीतील जंतू उकळून मारावयाचे, त्यांचे द्रव्य कातडीत टोचावयाचे आणि तीन-चार आठवडे वाट पाहावयाची. निरोगी माणसांपैकी बहुतेकांना व थोड्या चट्ट्यांच्या रोग्याला त्या जागी गाठ येते. ज्याचे अंग जंतूंनी भरले आहे, त्याला मात्र काहीही होत नाही. ज्या शरीरात कोट्यवधी जंतू आहेत, ते शरीर त्या जंतूंना ओळखत नाही असे कसे म्हणावे? बरे, हे शरीर सर्वसाधारणपणे दुबळे आहे असेही नाही. त्याच रोग्याला दुसऱ्या जंतूंचे द्रव्य टोचले तर त्याचे शरीर बहुधा योग्य उत्तर देते. केवळ या एका शत्रूसमोर ते हत्यार खाली ठेवते. ते आंधळे नव्हे. ते आवरलेले आहे. हा फरक नीट ध्यानात धरावा, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे.

आता परळकडे वळू. तेथील भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांना कर्करोगाइतकाच महारोगाचा ध्यास होता. त्यांच्याकडे पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे काम करीत. महारोगाचा जंतू काचपात्रात वाढत नाही हे त्या काळचे मोठे दुःख होते. आजही तो वाढत नाही. १९५८ साली या मंडळींनी महारोग्याच्या गाठीतून एक जंतू मिळवून तो वाढवून दाखविला. पुढे ठरले की, हा प्रत्यक्ष महारोगाचा जंतू नव्हे. तो त्याच्याच गोत्रातला, पण दुसऱ्या घरचा. आयसीआरसी जंतू या नावाने तो ओळखला जातो. वीसएक वर्षांनी त्याच संस्थेतील डॉ. मा. ग. देव यांनी हाच जंतू किरणांनी मारून त्याची लस केली, आणि ती टोचल्यावर पूर्वी मित्सुदाच्या परीक्षेला कोणतेच उत्तर न देणारी कित्येक शरीरे उत्तर देऊ लागली.

याच सुमारास दूर व्हेनेझुएला देशात हासिंतो कोन्व्हित याने असेच काही पाहिले होते. जंतूंनी भरलेल्या रोग्याच्या कातडीत महारोगाचे मेलेले जंतू टोचले तर ते तसेच पडून राहतात. पण तेच जंतू क्षयाच्या बीसीजी लसीत मिसळून टोचले तर शरीर बीसीजीबरोबर त्यांनाही फस्त करते. रामोंचा पावाचा चुरा आणि कोन्व्हितचे बीसीजी, दोघांचे काम एकच होते. शत्रूची ओळख आधीच होती. कमी होती ती दुसरीच गोष्ट.

ही दुसरी गोष्ट कोणती? १९७० साली ब्रेचर आणि कोहन या दोघांनी एक तर्क मांडला. आपल्या तहसिलीच्या खजिन्याला दोन कुलपे असत आणि दोन किल्ल्या दोन अंमलदारांकडे असत. एकट्याला खजिना उघडता येत नसे. शरीराचा लढाऊ खजिनाही असाच दुहेरी कुलपाचा आहे, असे त्यांचे म्हणणे. शत्रूची ओळख ही पहिली किल्ली. ‘होय, धोका खराच आहे’ अशी दुसरीकडून आलेली ग्वाही ही दुसरी किल्ली. पुढे १९८७ च्या सुमारास श्वार्ट्झ व जेन्किन्स यांनी दाखविले की, केवळ पहिली किल्ली फिरविली तर लढाऊ पेशी लढत तर नाहीच, उलट ती त्या शत्रूपुरती कायमची बधिर होते. शास्त्राच्या परिभाषेत या दुसऱ्या ग्वाहीला सहउद्दीपक संकेत म्हणतात.

ही ग्वाही देतो कोण? शेतावर जसा जागल्या असतो तशा कातडीत आणि आतड्यात फांद्या फुटलेल्या आकाराच्या पहारेकरी पेशी असतात. न्यूयॉर्कच्या राल्फ स्टाइनमन याने त्या १९७३ साली ओळखल्या. त्या भोवतालचे सारे तुकडे गोळा करतात आणि लढाऊ टी-पेशींना दाखवितात. पण नुसता तुकडा दाखविणे म्हणजे आरोळी नव्हे. जंतूच्या टरफलाची, त्याच्या घाणीची चाहूल लागली तरच पहारेकरी जागा होतो आणि आपल्या अंगावर बी७ नावाचे रेणू उभारतो. टी-पेशीवर सीडी२८ नावाचा रेणू असतो. तो बी७ ला भिडला की दुसरे कुलूप उघडते. जेनवेने सांगितलेल्या गुपिताचा उलगडा हाच. पावाचा चुरा, तुरटी, क्षयाच्या जंतूंची टरफले ही शत्रूची ओळख पटवीत नाहीत. ती जागल्याला उठवितात. हाफकिनच्या लसीतला गाळ हा तिचा कलंक नव्हता. तिच्या यशातही त्याचा वाटा होता.

येथपर्यंतची कथा पराणीची झाली. पण गाडी नुसत्या पराणीने चालत नाही, कासराही लागतो. शंकरपट पाहिलेल्या वऱ्हाडी माणसाला हे सांगावयास नको. उधळलेली जोडी प्रथम धुरकऱ्यालाच खाली पाडते.

कासऱ्याची कथा अधिक वाकडी आहे. १९६१ साली जॅक मिलर याने छातीतील थायमस ग्रंथी ही लढाऊ पेशींची शाळा आहे हे दाखविले. ती ग्रंथी काढली तर प्रतिकार दुबळा होणार, हे ओघानेच आले. पण १९६९ साली जपानमध्ये निशिझुका आणि साकाकुरा यांनी उंदरांच्या पिलांची ही ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली आणि विपरीतच घडले: पिलांच्या शरीराने स्वतःचीच बीजकोशग्रंथी खाऊन टाकली. म्हणजे या शाळेतून लढवय्ये निघतात तसे त्यांना आवरणारेही निघतात, आणि ते जरा उशिरा बाहेर पडतात. पुढच्याच वर्षी अमेरिकेत गर्शन आणि कोंडो यांनी दडपणाऱ्या टी-पेशींची कल्पना मांडली. ती इतकी लोकप्रिय झाली की, दहा वर्षे ज्याला त्याला दडपणाऱ्या पेशी दिसू लागल्या. महारोग्यांच्या रक्तातही त्या शोधल्या गेल्या. मग १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्या पेशींची खूण म्हणून ज्या जनुकाचे नाव घेतले जाई, ते जनुक सांगितलेल्या जागी नाहीच असे निघाले. सारा विषय बदनाम झाला. पुष्कळांनी तो सोडून दिला. नाव काढणेही कमीपणाचे झाले.

ज्यांनी तो सोडला नाही त्यांत शिमोन साकागुची हे एक होते. १९९५ साली त्यांनी सीडी२५ नावाची खूण असलेल्या थोड्याशा पेशी वेगळ्या काढल्या. त्या वगळून उरलेल्या पेशी निरोगी वाटणाऱ्या पण टी-पेशी नसलेल्या उंदरांत घातल्या तर ते उंदीर स्वतःच्याच अवयवांवर उलटत. वगळलेल्या पेशी परत दिल्या तर उलटत नसत. २००१ साली मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी खवलेदार कातडीच्या, लवकर मरणाऱ्या एका उंदराच्या जातीत बिघडलेले जनुक शोधले. त्याचे नाव फॉक्सपी३. ज्या बालकांत ते बिघडते ती बालके अशाच उधळलेल्या प्रतिकाराने आजारी पडतात. हेच जनुक साकागुचींच्या पेशींना घडविते हे २००३ साली सिद्ध झाले. या पेशींना आता नियामक टी-पेशी म्हणतात, आणि या तिघांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बदनामीच्या गर्तेत गेलेला प्रश्न असा तीस-चाळीस वर्षांनी मानाने परत आला.

आता पराणी आणि कासरा एकत्र बांधण्याची वेळ आली आहे. सर्वांना वाटे की, दुसरी किल्ली म्हणजे पराणी. ती काढून घेतली की प्रतिकार शांत होईल. २००० साली अमेरिकेत हे करून पाहिले. आपल्याच स्वादुपिंडावर उलटून मधुमेही होणाऱ्या उंदरांची एक जात आहे. तिच्यातून सीडी२८ काढून टाकले. रोग कमी होईल अशी अपेक्षा. प्रत्यक्षात तो अधिकच भडकला. कारण शोधता असे दिसले की, त्या उंदरांत नियामक पेशीच फार थोड्या उरल्या होत्या. ज्या हाकेने लढाऊ पेशी उठतात, त्याच हाकेवर नियामक पेशी जन्मतात आणि जगतात. बैल आणि धुरकरी एकाच कोठारातली भाकरी खात होते.

दुसरी बाजूही तशीच. सीडी२८ चा एक भाऊ आहे, सीटीएलए४. तो त्याच बी७ ला अधिक घट्ट धरतो. १९९५ साली हा भाऊ नसलेले उंदीर तयार झाले आणि तीन-चार आठवड्यांत उधळलेल्या प्रतिकारानेच मेले. नियामक पेशी हा रेणू सतत अंगावर बाळगतात. २०११ साली उघड झाले की, त्याच्या साहाय्याने त्या पहारेकऱ्याच्या अंगावरचे बी७ चक्क ओरबाडून गिळून टाकतात. म्हणजे ग्वाही देणाऱ्याचे तोंडच बंद करतात. मग लस टोचल्यावर प्रतिकार मुळात जागा होतो तरी कसा? २००३ साली पसारे आणि मेदझितोव यांनी त्याचे उत्तर दिले. जंतूच्या टरफलाने जागा झालेला पहारेकरी बी७ तर उभारतोच, शिवाय इंटरल्युकिन-६ नावाचा एक रस सोडतो. त्या रसाच्या प्रभावाखाली लढाऊ पेशी नियामकांना काही काळ जुमानीत नाहीत. हा सारा खेळ ‘काही काळ’ या दोन शब्दांत आहे. चांगली लस कासरा तोडीत नाही. ती थोडा वेळ ढिला सोडते आणि काम होताच तो पुन्हा हाती घेऊ देते.

कासऱ्याशी घाईने खेळल्यास काय होते, याचा धडा १३ मार्च २००६ रोजी लंडनच्या एका रुग्णालयात मिळाला. एका औषधाने सीडी२८ ला थेट चेतवून नियामक पेशी वाढवाव्यात आणि संधिवातासारखे रोग शांत करावेत, असा बेत होता. उंदरांच्या जातीच्या प्राण्यांत ते साधले होते; माकडांना अपाय झाला नव्हता. सहा निरोगी तरुण स्वयंसेवकांना, माकडांना निर्धोक ठरलेल्या प्रमाणाच्या पाचशेव्या हिश्श्याएवढे औषध दिले. दीड तासाच्या आत साऱ्यांना हुडहुडी, वेदना, ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि पुढे एकामागून एक अवयव बंद पडू लागले. सहाही जण वाचले ही अतिदक्षता विभागातील डॉक्टरांची पुण्याई. माणसाच्या अंगी जन्मभर साठलेल्या अनुभवी लढाऊ पेशी त्या एकाच हाकेने उठल्या होत्या. कासरा धरणाऱ्यांना उठावयाला अवधीच मिळाला नाही.

आता महारोगाकडे परत जाऊ. कारण त्याने विचारलेल्या कोड्याला आता आपल्याजवळ शब्द आहेत. ज्याचे अंग जंतूंनी भरले आहे त्या रोग्यात दडपणारे काहीतरी आहे, ही १९८० च्या आसपासची शंका अगदीच खोटी नव्हती. २०१४ साली दिल्लीच्या डॉ. इंदिरा नाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रोग्यांत फॉक्सपी३ धारण करणाऱ्या नियामक पेशी वाढलेल्या असल्याचे प्रसिद्ध केले. बधिरतेचे हे एकच कारण आहे असे कोणी म्हणू नये. पण पूर्वजन्मीच्या पापापेक्षा ते निश्चितच अधिक खरे आहे. त्या माणसाचे शरीर अपवित्र नाही, भेकडही नाही. एका विशिष्ट शत्रूपुरता त्याचा कासरा फार आखडलेला आहे.

मग तो कासरा कापून टाकावा की काय? त्याचेही उत्तर महारोगच देतो. उपचार सुरू असता कधी कधी रोग्याचा प्रतिकार एकदम जागा होतो. चट्टे लाल होऊन सुजतात आणि त्या लढाईत नसा होरपळतात. कारण जंतू नसांतच दडलेले असतात. वेळेवर स्टिरॉइडे दिली नाहीत तर काही दिवसांत बोटे वाकतात, पाऊल लुळे पडते, पापणी मिटेनाशी होते. ज्या वाकड्या बोटांना आपण महारोगाची निशाणी समजतो, ती पुष्कळदा जंतूने वाकविलेली नसून शरीराच्या बेभान लढाईने वाकविलेली असतात. कमी लढणे हा या रोगाचा एक काठ आणि आवरल्यावाचून लढणे हा दुसरा. महारोगावरील लस करणाऱ्यांना या दोन काठांमधून नाव न्यावयाची होती.

परळची नाव त्यातून कितपत गेली? महारोग वर्षानुवर्षे अंगात दडून राहतो, म्हणून त्यावरील लसीची परीक्षाही वर्षानुवर्षे चालते. तामिळनाडूत चेंगलपट्टू भागात सुमारे १ लाख ७१ हजार लोकांवर चार निरनिराळ्या लसींची तुलना झाली. १९९८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. परळच्या लसीने ६५·५ टक्के संरक्षण दिले; बीसीजीत महारोगाचे मेलेले जंतू मिसळलेल्या लसीने ६४; नुसत्या बीसीजीने ३४·१; आणि दिल्लीच्या डॉ. तलवार यांच्या लसीने २५·७. आकडे गौरवास्पद होते. परंतु तोवर दुसरीकडून विजय मिळत होता. १९८२ पासून बहुविध औषधांचा उपचार सुरू झाला होता. १९८३ साली देशात दर दहा हजारांत सुमारे ५८ रोगी होते. २००५ अखेर ते प्रमाण एकाच्या खाली आले. रोगच ओसरू लागल्यावर लसीची निकड कमी झाली आणि परळची लस सार्वत्रिक टोचणीत आली नाही. शास्त्राच्या इतिहासात असेही होते. ज्या दारासाठी किल्ली घडविली, ते दार दुसऱ्या वाटेने उघडते. किल्ली घडविण्याचे श्रम मात्र वाया जात नाहीत; कुलूप कसे आहे ते त्या श्रमांनीच कळते.

रोग ओसरला, संपला मात्र नाही. जगातील नव्या महारोग्यांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात, आणि विदर्भाच्या पूर्वेकडील जिल्हे त्यांत आहेत. कातडीवरचा फिकट, बधिर चट्टा हे पहिले लक्षण. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रोग्यापासून दुसऱ्याला धोका राहत नाही. एवढी माहिती घरोघर असावी. तपोवनात पटवर्धनांनी रोग्यांच्या हाती शेती आणि हातमाग दिला तेव्हा नियामक पेशी हा शब्दही जन्मला नव्हता. हे हात काम करू शकतात, एवढे त्यांनी ओळखले होते. कायद्याला मात्र ते ओळखायला फार वेळ लागला. १८९८ चा महारोग्यांचा कायदा २०१६ पर्यंत ग्रंथात होता, आणि महारोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात राहिले ते २०१९ पर्यंत.

शरीराच्या राज्यात संयम हे बळाचे उलट टोक नव्हे. एकाच हाकेवर दोन्ही जगतात, हे शास्त्राला कळायला ॲनाच्या दंडापासून जवळजवळ दोनशे वर्षे लागली. समाजाच्या अंगीही एक कासरा असतो. रोग्याला पाहून अंग चोरणारा हात तो आवरतो आणि तोच हात पुढे करायला लावतो. तो हाती घ्यायला मात्र आपल्याला आणखी दोनशे वर्षे लागू नयेत.